ठोकळ्यांच्या जगात न मावणारा कर्नाळा

डेन्मार्क हा अख्खा देश ज्या खेळात एकास एक मापाने बसवला गेला, त्या खेळात पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला मावत नाही. खेळाचं नाव माइनक्राफ्ट. तिथली जमीन, पाणी, झाडं, घरं सगळं ठोकळ्यांचं असतं आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. आडव्या अंगाने हे जग जवळजवळ न संपणारं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत 6 कोटी ठोकळे. उभ्या अंगाने मात्र त्याला छत आहे. नेहमीच्या समुद्रपातळीवर साधारण 257 ठोकळे रचले की पुढे हात चालत नाही. डेन्मार्कची सर्वांत उंच नैसर्गिक जागा 171 मीटरची, म्हणून तो देश सहज बसला. कर्नाळा समुद्रसपाटीपासून सुमारे 440 मीटर आहे आणि प्रबळगड सुमारे 700.

पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघरच्या घरांमध्ये सुट्टीच्या दिवसांत हा खेळ चालू असतो. पालकांना पडद्यावर चौकोनी डोंगर आणि चौकोनी गाई दिसतात. मूल मध्येच म्हणतं, ‘बाबा, एक मॅप डाउनलोड करायचाय,’ आणि आपण नेमकं कशाला हो म्हणतोय ते बाबांना कळत नाही. म्हणून आधी मॅप म्हणजे काय, तो कुठून येतो, कसा बसवतात आणि कुठे सांभाळायचं, ते पाहू. कर्नाळ्याकडे त्यानंतर वळता येईल, कारण तयार मॅप बसवण्यापेक्षा आपल्या गावाचा मॅप बनवणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि पनवेलच्या मुलांना ती आज शक्य आहे.

स्वीडनच्या मार्कुस पेर्सन याने 2009 मध्ये या खेळाची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. पूर्ण आवृत्ती 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आली, 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो अडीच अब्ज डॉलरला घेतला आणि 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. हा सँडबॉक्स प्रकारचा खेळ आहे. त्यात ठरलेली गोष्ट नाही, सक्तीची शर्यत नाही. जग मिळतं, ठोकळे मिळतात, पुढचं खेळणाऱ्याने ठरवायचं. नवं जग सुरू केलं की संगणक डोंगर, नद्या, गुहा आपोआप तयार करतो.

मॅप म्हणजे हे आपोआप तयार झालेलं जग नव्हे, तर कुणीतरी बसून रचलेलं जग. काही मॅप खेळाचे असतात. 2011 साली आलेला स्कायब्लॉक हा त्यातला गाजलेला: आभाळात तरंगणारं मातीचं एवढंसं बेट, त्यावर एक झाड आणि हाताशी मोजकं सामान. तेवढ्यावर संसार उभा करायचा. काही मॅप इतिहास शिकवतात. लंडनच्या भीषण आगीला 350 वर्षं झाली तेव्हा, 2016 मध्ये, म्युझियम ऑफ लंडनने 1666 सालचं शहर माइनक्राफ्टमध्ये उभं करून घेतलं आणि ते मॅप सर्वांना मोफत उतरवून घ्यायला दिले. 12 मार्च 2020 रोजी ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या संघटनेने खेळात एक प्रचंड ग्रंथालय खुलं केलं. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम या देशांतल्या दडपल्या गेलेल्या पत्रकारांचे लेख तिथल्या पुस्तकांत ठेवले. सव्वा कोटी ठोकळ्यांची ती इमारत 16 देशांतल्या 24 जणांनी मिळून बांधली. ज्या देशात वृत्तपत्राचं संकेतस्थळ बंद आहे, तिथलं मूल हा मॅप आपल्या संगणकावर घेऊन तो मजकूर वाचू शकतं. एका खेळाच्या फाइलमध्ये एवढं बळ असतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता बसवण्याचं. मॅप हा मुळात एक साधा फोल्डर असतो. त्यात ‘लेव्हल डॉट डॅट’ नावाची फाइल असते. जगाचं नाव, खेळाचे नियम, खेळाडू कुठे उगवणार, ही माहिती तिच्यात. संगणकावरच्या मूळ आवृत्तीत शेजारी ‘रीजन’ नावाचा फोल्डर असतो आणि प्रत्यक्ष ठोकळे त्यात साठवलेले असतात. रीजनमधली एकेक फाइल 512 मीटर लांब आणि तितक्याच रुंद जमिनीचा तुकडा सांभाळते. पाठवायला सोपं जावं म्हणून हा सगळा फोल्डर झिप करून ठेवलेला असतो.

उतरवण्याआधी एक गोष्ट पाहायची: आपल्याकडे खेळाची कोणती आवृत्ती आहे. संगणकावरची जुनी, मूळ आवृत्ती म्हणजे जावा एडिशन. मोबाइल, टॅब, गेमिंग कन्सोल आणि विंडोजवर चालणारी दुसरी म्हणजे बेडरॉक एडिशन. दोन्ही दिसायला सारख्या, पण जग साठवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एकीचा मॅप दुसरीत थेट उघडत नाही. चंकरसारखी रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत. त्यांनी जमीन आणि इमारती नीट येतात, पण मॅपमध्ये बसवलेल्या आज्ञा, म्हणजे दार आपोआप उघडणं, गुण मोजणं वगैरे, बऱ्याचदा वाटेत तुटतात.

बेडरॉकचं काम सोपं आहे. मॅपची फाइल ‘एमसीवर्ल्ड’ या शेपटाची असते. फोनवर तिच्यावर बोट टेकवलं की खेळ उघडतो, जग आत घेतल्याचा संदेश येतो आणि यादीत नवं नाव दिसतं. काही फोन ही फाइल झिप म्हणून उतरवतात, मग ती उघडत नाही. अशा वेळी नावाच्या शेवटचं ‘झिप’ काढून ‘एमसीवर्ल्ड’ लिहिलं की बहुतेकदा काम होतं.

जावा एडिशनमध्ये फोल्डर हाताने योग्य जागी ठेवावा लागतो. ती जागा म्हणजे ‘सेव्हज’ नावाचा फोल्डर. तो शोधण्याची सोपी वाट खेळातूनच जाते: सिंगलप्लेअरच्या यादीतलं कुठलंही जुनं जग निवडायचं, ‘एडिट’ दाबायचं, तिथे ‘ओपन वर्ल्ड फोल्डर’ दाबायचं. त्या जगाचा फोल्डर उघडतो. त्याच्या एक पायरी वर गेलं की सेव्हज. झिप सोडवून आलेला फोल्डर तिथे ठेवायचा आणि यादी पुन्हा उघडायची.

मॅप दिसला नाही, तर नव्वद टक्के दोष एकाच ठिकाणी सापडेल असं समजायला हरकत नाही: फोल्डरच्या पोटात फोल्डर. झिप सोडवताना संगणक बाहेरून आणखी एक फोल्डर गुंडाळतो आणि खेळाला लेव्हल डॉट डॅट भेटत नाही. सेव्हजमधला फोल्डर उघडल्या उघडल्या ती फाइल समोर दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर आतला फोल्डर उचलून बाहेर आणायचा. मुलाला हे एकदा करून दाखवलं की फाइल, फोल्डर आणि त्यांचे रस्ते ही संगणकाची मुळाक्षरं त्याच्या हाताला बसतात. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला फोल्डर क्वचितच दिसतो. त्यामुळे हा फायदा लहान नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. प्रत्येक मॅप खेळाच्या एका ठरावीक आवृत्तीवर बनलेला असतो आणि तो आकडा बनवणाऱ्याने लिहिलेला असतो. जुना मॅप नव्या खेळात उघडता येतो. खेळ आधी प्रत काढून ठेवण्याचा सल्ला देतो आणि तो ऐकावाच, कारण एकदा नव्या पद्धतीत साठवलेलं जग पुन्हा जुन्या खेळात नीट जात नाही. आज्ञांवर चालणारे मॅप तर सांगितलेल्या आवृत्तीवरच खेळावेत. जावाच्या लाँचरमध्ये जुन्या आवृत्त्या निवडण्याची सोय असते.

सुरक्षेबद्दल घाबरून जाण्याचं कारण नाही, पण डोळे उघडे हवेत. मॅप ही माहिती असते, प्रोग्राम नसतो. जे ‘ईएक्सई’ किंवा ‘एपीके’ म्हणून येतं आणि चालवायला सांगतं, ते मॅप नव्हे. ते उघडायचंच नाही. मॉड हा प्रकार वेगळा आहे. मॉड खेळाचं वागणंच बदलतात, म्हणून ते प्रोग्राम असतात. जून 2023 मध्ये कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणच्या काही मॉडमध्येही पासवर्ड चोरणारा घातक कोड घुसवल्याचं उघड झालं होतं. मुलाने ‘मॅप’ म्हटलं आणि प्रत्यक्षात मॉड मागितला, तर पालकांनी थांबून पाहावं. उतरवण्याच्या पानांवर जाहिरातींची खोटी बटणंही खूप असतात. खरं बटण बहुतेकदा मॅपच्या नावाशेजारी असतं आणि उतरलेल्या फाइलचं शेपूट झिप किंवा एमसीवर्ल्ड असतं.

एवढं जमलं की बसवणं संपलं. खरा प्रश्न पुढचा आहे. मॅपच्या याद्यांमध्ये न्यूयॉर्क सापडतं, लंडन सापडतं. मुलाच्या खिडकीतून दिसणारा डोंगर का सापडू नये?

डेन्मार्कचा मॅप एखाद्या हौशी खेळाडूने नव्हे, तिथल्या सरकारी भूमापन खात्याने एप्रिल 2014 मध्ये खुला केला. 43 हजार चौरस किलोमीटरचा देश, घरं-रस्त्यांसकट. देशाने आपली भूमापनाची माहिती वर्षभर आधीच सर्वांसाठी मोफत केली होती. ती शाळकरी मुलांच्या हाती पोचावी, म्हणून हा मॅप. काही आठवड्यांतच उपद्रवी मंडळींनी सामायिक सर्व्हरवर शिरून काही भाग स्फोटकांनी उडवले. सुरुंगाचा ठोकळा बंद केलेला होता, पण सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली होती. इतर खेळाडूंनी पडझड भरून काढली. ज्यांनी आपल्या गावाचा तुकडा उतरवून घरच्या संगणकावर ठेवला होता, त्यांच्या गावाला अर्थातच धक्का लागला नाही. त्याआधी, 2013 मध्ये, ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा संस्थेत एका प्रशिक्षणार्थीने 22 अब्ज ठोकळ्यांचा ब्रिटन तयार केला होता. तिथले डोंगर छताच्या वर जात होते, म्हणून उंची दाबून घ्यावी लागली.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हीच अडचण येते. खेळातलं जग तळापासून छतापर्यंत 384 ठोकळ्यांचं. समुद्र अगदी तळाशी नेऊन ठेवला, तरी 440 मीटरचा कर्नाळा बसत नाही. उपाय दोन. उंची निम्मी करायची, म्हणजे किल्ला 220 ठोकळ्यांत येतो, पण चढ मवाळ होतो आणि कर्नाळा चढताना लागणारा दम त्या मॅपमध्ये उरत नाही. दुसरा उपाय डेटा पॅकचा. जावा एडिशनमध्ये जगाच्या फोल्डरात एक छोटी पुरवणी ठेवून छत 2000 ठोकळ्यांच्याही वर नेता येतं. असं जग उघडताना खेळ ‘हे प्रायोगिक आहे’ असा इशारा देतो. तो वाचून पुढे जायचं. कर्नाळ्यासाठी हाच उपाय योग्य, कारण डोंगराची उंची हाच किल्ल्याचा अर्थ आहे.

डोंगराचा आकार कुठून आणायचा? फेब्रुवारी 2000 मध्ये नासाचं एंडेव्हर यान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीची उंची मोजत गेलं. ती माहिती आज मोफत मिळते. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाची उंचीची माहितीही मिळते. दोन्हींत साधारण दर 30 मीटरच्या चौकोनाला एक आकडा असतो. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रोग्रामात हवा तेवढा तुकडा कापून त्याचं करड्या छटांचं चित्र करायचं, उंच तिथे पांढरं, सखल तिथे काळं. ते वर्ल्डपेंटर या मोफत प्रोग्रामात टाकलं की तो छटांचं रूपांतर डोंगरात करतो. आवाका मात्र आधी ठरवावा. पनवेल महापालिकेचं क्षेत्र 110 चौरस किलोमीटर, म्हणजे जमिनीचा नुसता वरचा थर 11 कोटी ठोकळ्यांचा आणि रीजनच्या फाइली 420 च्या घरात. कर्नाळा अभयारण्य 12 चौरस किलोमीटर. त्याला पन्नासेक फाइली पुरतात. शाळेतल्या चार-पाच मुलांना एका सुट्टीत झेपेल असं हे माप आहे.

मग गंमत होते. वर्ल्डपेंटरमधून बाहेर पडलेल्या डोंगरावर कर्नाळ्याची खूणच नसते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारा प्रत्येक जण ज्या अंगठ्यासारख्या सुळक्यावरून हा किल्ला ओळखतो, तो उंचीला सुमारे 38 मीटर आणि रुंदीला चिंचोळा. 30 मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असल्यामुळे सुळका, त्याच्या पायथ्याची पाण्याची टाकी आणि बाजूचा तट सगळं एका बोथट उंचवट्यात विरघळून जातं. यानाला जे दिसलं नाही ते माणसाने चढून जाऊन पाहायचं. दरवाजे कुठे, टाकी किती, तट कुठे ढासळलाय, हे पावलांनी मोजून वहीत उतरवायचं, फोटो घ्यायचे, मधमाश्यांच्या पोळ्यांमुळे सुळक्याखाली शांत राहायचं आणि घरी येऊन ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचताना जे हातांनी होतं, तेच इथे मापात करायचं असतं.

दगड तयार आहे. सुळका बेसॉल्टचा आणि खेळात 2020 पासून बेसॉल्ट नावाचाच ठोकळा आहे. 2022 च्या आवृत्तीत खारफुटीची झाडं आणि चिखलही आला, त्यामुळे पनवेलची खाडीसुद्धा तिच्या खऱ्या रूपात काढता येते. साग आणि ऐन मात्र खेळात नाहीत. दुसऱ्या झाडांवर भागवावं लागतं.

किल्ल्याला माणसंही हवीत. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 चा, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. किल्ला 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. माइनक्राफ्टमध्ये पुस्तक लिहून ते मॅपमध्ये ठेवता येतं. लंडनच्या आगीच्या मॅपमध्ये जसं खेळता खेळता शहर कळत जातं, तशी 1818 ची ही हकिगत कर्नाळ्याच्या वाटेवर मांडता येईल.

पण सर्वांत आधी हाती घ्यावा असा मॅप कदाचित कर्नाळ्याचा नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं. त्यासाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं आणि दहा गावं उठली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली ही त्यांतली काही नावं. नासाच्या यानाने मोजणी केली ती 2000 साली. म्हणजे त्या आकड्यांमध्ये उलव्याची टेकडी अजून उभी आहे. ती मोफत फाइल उघडून कुणीही ही टेकडी तिच्या जुन्या जागी, जुन्या उंचीने परत आणू शकतं, आणि 90 मीटरची असल्यामुळे तिला डेटा पॅकचीही गरज नाही.

रडारने जमीन मोजली, घरं नाही. देऊळ टेकडीच्या कुठल्या अंगाला होतं, विहीर कुणाच्या वाड्यात, होड्या कुठे लागत, मिठागरांकडे पायवाट कुठून जाई, हे त्या गावांतल्या आगरी-कोळी आजी-आजोबांनाच माहीत आहे. नातवाने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून ‘आजी, आपलं घर इथे होतं का?’ असं विचारायचं आणि त्या सांगतील तिथे ठोकळा ठेवायचा. हे काम दहा-पंधरा वर्षांनी करायचं म्हटलं तर सांगणारी माणसं भेटतीलच असं नाही. म्हणून ते आत्ता व्हायला हवं. पनवेलच्या शाळांनी ते प्रकल्प म्हणून घ्यावं, इतकं ते मोलाचं आहे.

गावाच्या कामासाठी हा खेळ वापरणं नवं नाही. संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठी काम करणारी यूएन-हॅबिटॅट ही संस्था आणि माइनक्राफ्टची निर्माती कंपनी मोजांग यांनी 2012 मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. नैरोबीच्या किबेरा वस्तीपासून मुंबईपर्यंत अनेक ठिकाणी रहिवाशांनी आपली मोकळी जागा आधी खेळात उभारून पाहिली आणि काय हवं, काय नको ते सांगितलं. वास्तुविशारदाचा आराखडा ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ठोकळ्यांची बाग कळते. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे या पनवेलच्या तलावांच्या काठाबद्दल मुलांचं म्हणणं ऐकायचं असेल, तर ही पद्धत हाताशी आहे.

मॅप तयार झाला की तो दुसऱ्याला देताना उलट्या वाटेने जायचं. खेळ बंद करायचा, सेव्हजमधल्या जगाची प्रत काढायची, आणि मग त्या प्रतीचा फोल्डर झिप करायचा. सोबत एक लहानशी मजकुराची फाइल हवी: जावा की बेडरॉक, खेळाचा आकडा कोणता, छत वाढवलंय का, उंचीची माहिती कुणाची, कुठला भाग मोजलेला आणि कुठला सांगोवांगी. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले असतील, तर त्या प्रकल्पाचा उल्लेख करणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. मुलांनी स्वतःचं घर मॅपमध्ये जरूर बांधावं, पण त्यावर नाव, इमारत आणि फ्लॅटचा नंबर लिहून तो सगळ्यांना देऊ नये. ज्या आजींनी विहिरीची जागा सांगितली, त्यांची परवानगी असेल तरच त्यांचं नाव त्या फाइलमध्ये लिहावं.